पहिल्या दिवशीचा स्वच्छ एक्स-रे आणि सहाव्या आठवड्यातला डाग

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बासष्ट वर्षांच्या वडिलांना रात्री एकदम हुडहुडी भरून १०३ ताप चढला आणि उजव्या कुशीत श्वासागणिक कळ येऊ लागली. सकाळी काढलेला छातीचा एक्स-रे ‘विशेष काही नाही’ म्हणून परत आला आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड दिवसाने ते असंबद्ध बोलू लागले, श्वास मिनिटाला ३६, रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के. नव्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा लोब, म्हणजे खालचा कप्पा, पूर्ण पांढरा. थुंकीच्या कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट ‘घशातले नेहमीचे जंतू’ असा आला, रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, लघवीच्या तपासणीत मात्र न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जंतू पॉझिटिव्ह. अतिदक्षता विभागातून ते सुखरूप घरी आले, हिंडूफिरू लागले, पण सहा आठवड्यांनीही एक्स-रेत डाग आहे. मग यातला कुठला रिपोर्ट खोटा, आणि चुकलं कोण?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. न्यूमोनियाने गेलेल्यांची फुप्फुसं शवविच्छेदनात हातात घेऊन पाहिली आहेत, आणि जिवंत माणसांच्या थुंकीच्या स्लाइड रोजच बघतो. माझं म्हणणं आधीच सांगतो: तुमच्याकडचा एकही रिपोर्ट खोटा नाही. प्रत्येक रिपोर्ट त्या-त्या दिवशीच्या फुप्फुसाबद्दल बोलतोय. न्यूमोनियाला स्वतःची तारीखवारी असते आणि प्रत्येक तपासणीलाही असते. या दोन तारखा जुळवून पाहिल्या की विसंगती उरत नाही. त्यासाठी आत काय घडतं ते जरा निवांत सांगावं लागेल.

फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. पाव मिलिमीटरपेक्षाही लहान असे हे हवेचे फुगे. त्यांची भिंत आणि केशवाहिनीची भिंत मिळून जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. ऑक्सिजन रक्तात सहज जावा म्हणून निसर्गाने ही भिंत इतकी पातळ ठेवली आहे, आणि म्हणूनच ती गळायलाही वेळ लागत नाही.

न्यूमोकॉकस बाहेरून हल्ला करत येतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो अनेक निरोगी माणसांच्या नाकाघशाच्या मागच्या भागात गुपचूप राहत असतो, लहान मुलांत तर फारच. झोपेत प्रत्येकाच्याच घशातला थोडा स्राव श्वासनलिकेत उतरतो. एरवी खोकला, नलिकांच्या आतल्या केसांसारख्या तंतूंची झाडलोट आणि वायुकोशात गस्त घालणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मिळून ते निस्तरतात. नुकताच फ्लू होऊन गेला असेल, दारू किंवा सिगारेट असेल, वय असेल, प्लीहा काढलेली असेल, तर हा पहारा ढिला पडतो. जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांचं बुळबुळीत कवच असतं. गिळू पाहणाऱ्या पेशीला त्यामुळे पकडच मिळत नाही. या कवचाचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही. कवच गमावलेला न्यूमोकॉकस जवळजवळ निरुपद्रवी असतो. एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२८ साली ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ फ्रेडरिक ग्रिफिथ यांना दिसलं, की मेलेल्या कवचधारी जंतूंमधलं काहीतरी जिवंत बिनकवच जंतूंना कवच देऊन जातं. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे १९४४ साली एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिलं. आनुवंशिकतेचं द्रव्य माणसाला सापडलं ते न्यूमोनियाच्या या जंतूच्या मागे लागल्यामुळे.

जंतू वायुकोशात तग धरून वाढला की पहिली प्रतिक्रिया म्हणजे पाणी. केशवाहिन्या फुगतात, भिंती गळू लागतात, कोशात पातळ, प्रथिनांनी भरलेला द्राव उतरतो. या द्रावात जंतू मनसोक्त वाढतात आणि शेजारच्या कोशांत वाहत जातात. वायुकोशांच्या भिंतींना बारीक छिद्रं असतात, त्यांतूनच वाट मिळते. म्हणून हा आजार ठिपक्याठिपक्यांनी पसरत नाही, ओल भिंतीवर चढावी तसा लोबभर सरकत जातो आणि बहुधा लोबच्या सीमेला अडतो. हा पहिला टप्पा साधारण पहिल्या चोवीस तासांचा. फुप्फुस जड, लाल, दाबलं तर फेसाळ पाणी सुटतं. पण कोशांत अजून बरीच हवा आहे. एक्स-रेला हवा आणि घट्टपणा यांतला फरक दिसतो, आणि या घडीला घट्टपणाच तयार झालेला नसतो. तुमच्या वडिलांचा पहिला एक्स-रे या वेळचा. तो स्वच्छच होता. आजार मात्र त्याआधीच सुरू झालेला होता.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास चित्र पालटतं. द्रावाबरोबर लाल पेशी बाहेर पडतात, रक्त गोठवणारं फायब्रिन जाळं विणतं, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या झुंडी आत शिरतात. हवेला जागाच उरत नाही. असं फुप्फुस हातात घेतल्यावर पहिली जाणीव वजनाची होते. एरवी उजवं फुप्फुस चारसाडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. हे किलोच्या वर जातं. निरोगी फुप्फुस बोटांखाली चुरचुरतं, स्पंजसारखं दबून परत वर येतं. हे दबत नाही. सुरी फिरवली की सलग, कोरडा, किंचित रवाळ काप निघतो; ते बारीक रवे म्हणजे एकेका वायुकोशात घट्ट बसलेल्या फायब्रिनच्या गुठळ्या. छोटा तुकडा पाण्यात टाकला तर तळाला जातो. फुप्फुसाचा तुकडा बुडताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पुस्तकातली सगळी वर्णनं एका क्षणात समजली. रंग आणि पोत थेट यकृतासारखा, म्हणूनच फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१९ साली, स्टेथोस्कोप जगापुढे मांडणाऱ्या आपल्या ग्रंथात, या अवस्थेचं वर्णन यकृतीभवन या अर्थाच्या शब्दाने केलं. आजही आम्ही रेड हेपटायझेशन असंच लिहितो.

ऑक्सिजन ८४ ला का आला, याचं उत्तर याच कापात आहे. कोश भरलेले आहेत, पण भिंतीतल्या केशवाहिन्यांतून रक्त वाहतंच आहे. ते रक्त हवेची गाठ न पडता जसंच्या तसं पुढे जातं आणि चांगल्या भागातून आलेल्या रक्तात मिसळतं. एरवी हवा नसलेल्या भागाकडचा रक्तपुरवठा फुप्फुस स्वतःच आकसून घेतं, पण दाहाच्या भरात ही सोय नीट चालत नाही. अशा वेळी नाकातल्या नळीने ऑक्सिजन वाढवला तरी आकडा हवा तसा चढत नाही. भरलेल्या कोशांपर्यंत तो पोचतच नाही. याच कारणाने, ऑक्सिजन देऊनही आकडा अडकून राहिलेला रुग्ण माझ्या लेखी अधिक गंभीर. बोटाला लावायचं यंत्र सावळ्या त्वचेच्या माणसात खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही ध्यानात असू द्यावं. आकडा आणि माणूस यांचं जमत नसेल तर धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी.

चौथ्यापासून आठव्या दिवसापर्यंत लाल रंग ओसरून राखाडी होतो. लाल पेशी फुटून जातात, न्यूट्रोफिल आणि फायब्रिन उरतं, सुजेने दाबल्या गेलेल्या केशवाहिन्यांत रक्तही कमी. हे टप्पे पुस्तकात एकापाठोपाठ एक येतात, पण प्रत्यक्ष लोबमध्ये ते शेजारीशेजारी नांदतात: पुढे सरकणाऱ्या कडेला नुसतं पाणी आणि जंतूंची गर्दी, त्यामागे लाल पट्टा, मध्यभागी राखाडी, जिथे जंतू बहुतेक गिळले गेलेत. स्लाइडवर हे पाहताना लढाई कुठून कुठे सरकली ते अक्षरशः वाचता येतं. त्यामुळे ‘कितवा दिवस’ हा प्रश्न लोबच्या कुठल्या कोपऱ्याबद्दल विचारताय त्यावर अवलंबून असतो.

छातीला कान लावणाऱ्या डॉक्टरांना हीच कथा ऐकू येते. पहिल्या टप्प्यात श्वास आत घेताना शेवटी बारीक चुरचुर. कोश भरले की ती चुरचुर बंद पडते आणि मोठ्या नळ्यांतला खरखरीत आवाज घट्ट झालेल्या फुप्फुसातून सरळ कानावर येतो, बोटाने ठोकलं तर ठस्स आवाज होतो, रुग्ण कुजबुजला तरी शब्द स्पष्ट ऐकू येतात. आणि बरं व्हायला लागलं की चुरचुर परत येते. लेनेक यांनी ही परतलेली चुरचुर शुभलक्षण म्हणून नोंदवली होती. मशीन कितीही आली तरी हा क्रम शिकवायचं सोडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण पहिली चुरचुर एक्स-रेच्या आधी ऐकू येऊ शकते.

जंतू आणि पांढऱ्या पेशी यांच्यातला निकाल पूर्वी सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास लागायचा. त्या वेळेपर्यंत रक्तात त्या विशिष्ट कवचाविरुद्धची प्रतिपिंडं पुरेशी तयार होत, कवचाला चिकटत, आणि मग न्यूट्रोफिलना पकड मिळे. काही तासांत दरदरून घाम येऊन ताप उतरायचा. प्रतिपिंडं वेळेत तयार झाली नाहीत तर रुग्ण दगावायचा. पेनिसिलिनने हे गणित बदललं खरं, पण पूर्ण नाही. ऑस्ट्रियन आणि गोल्ड या आडनावांच्या दोन डॉक्टरांनी १९६४ साली रक्तात न्यूमोकॉकस पसरलेल्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा पहिल्या पाच दिवसांतल्या मृत्यूंवर औषधाचा फारसा परिणाम दिसला नाही. जंतू मारले तरी तोवर पेटलेला दाह, रक्तदाबाची घसरण, गळणाऱ्या भिंती यांना स्वतःची गती असते. फुटणाऱ्या जंतूंतून न्यूमोलायसिन नावाचं पेशींना भोकं पाडणारं विषही सुटतं. गोळ्या सुरू असताना वडील का ढासळले, याचं एक उत्तर हे आहे. दुसरं उत्तर प्रतिकाराचं: ॲझिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधांना दाद न देणारा न्यूमोकॉकस जगात अनेक ठिकाणी सर्रास सापडतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. न्यूमोकॉकसने भरलेल्या लोबमध्ये इतका धुमाकूळ होऊनही वायुकोशांच्या भिंती बहुधा शाबूत राहतात. घरात पूर यावा, चिखल छतापर्यंत साचावा, पण भिंती उभ्या राहाव्यात, तसं. मग मॅक्रोफेज येतात, फायब्रिन विरघळतं, चिखल खाऊन आणि खोकून बाहेर जातो, आणि काही आठवड्यांनी फुप्फुस पुन्हा जवळजवळ होतं तसं. सगळेच जंतू इतके दयाळू नाहीत. क्लेब्सिएला भिंतीच मारतो. त्याचा लोब फुगून शेजारच्या लोबपासून वेगळं करणारी फट खाली ढकलतो, थुंकी चिकट आणि गडद लाल येते, आत पोकळ्या पडतात. मधुमेह आणि दारू यांच्याशी त्याची जुनी गट्टी. फ्लूनंतर येणारा स्टॅफिलोकॉकस, विशेषतः पांढऱ्या पेशी फोडणारं पीव्हीएल हे विष बनवणारा, धडधाकट तरुणाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो: तापानंतर एकदम दम, थुंकीत रक्त, पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली. अशा फुप्फुसाचा काप रवाळ नसतो, पिवळट, मऊ, कुजकट असतो, आणि सुरीखाली त्याचा आकार टिकत नाही. भिंती गेल्या की तिथे फुप्फुस परत उगवत नाही, व्रण उरतो. म्हणून जंतू कोणता हे शोधण्याचा आग्रह. औषध तर त्यावर ठरतंच, पुढे किती फुप्फुस हाती उरणार याचा अंदाजही त्यावरूनच बांधता येतो.

निदानाकडे वळतो. गंभीर न्यूमोनियात पहिली तपासणी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजण्याची. हा आकडा अंदाजाने ‘२०’ लिहिण्याची वाईट सवय जगभर आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतात. मोठ्या माणसात मिनिटाला ३० किंवा जास्त म्हणजे धोक्याची घंटा. मुलांत दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षं ४० हे उंबरठे, आणि छाती आत ओढली जात असेल तर आकड्याचीही वाट पाहू नये. मोठ्यांसाठी पाच साध्या गोष्टींचा एक हिशेब आहे, त्याला कर्ब-६५ म्हणतात: नव्याने गोंधळलेपण, रक्तातला युरिया ७ मिलिमोलच्या वर, श्वास ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा कमी, आणि वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकी एक गुण. तीन किंवा अधिक म्हणजे गंभीर. तुमच्या वडिलांचे गोंधळलेपण आणि श्वास मिळून दोन गुण तर घरातल्या माणसांनाही दिसले असते. मात्र हा हिशेब ऑक्सिजन मोजत नाही. ऑक्सिजन ८४ असलेला माणूस कर्बमध्ये शून्यावर असला तरी त्याला घरी ठेवता येत नाही. अतिदक्षता विभाग लागेल का हे ठरवताना पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सिअसखाली, एकापेक्षा जास्त लोब बाधित, हेही धरतात. पांढऱ्या पेशी वाढलेल्या पाहून लोक घाबरतात. मी कमी झालेल्या पाहून घाबरतो, कारण अस्थिमज्जेचा साठा संपत आला असा त्याचा अर्थ असू शकतो.

वयस्कर माणसांबद्दल एक सूचना. त्यांना ताप नसेल, खोकला नसेल, फक्त ‘आज बाबा विचित्र वागताहेत’ किंवा ‘उठताना पडले’ एवढंच असेल. आणि खालच्या लोबचा दाह डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, लागला तर दुखणं पोटात किंवा खांद्यात जाणवतं. मुलांत तर अपेंडिक्स समजून पोट तपासत बसल्याची उदाहरणं जुनीच आहेत.

आता थुंकी. तुमच्या सगळ्या रिपोर्टांत सगळ्यांत कच्चा हाच, आणि माझं निम्मं आयुष्य यातच गेलं असल्याने यावर जरा थांबतो. डबीत आलेला नमुना थुंकी आहे की लाळ, हे आधी स्लाइडवर ठरवायचं असतं. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली एका दृश्यात तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशी दहापेक्षा जास्त दिसल्या तर ती लाळ. ती कल्चरला लावूच नये, दुसरा नमुना मागावा. न्यूट्रोफिल पंचविसाहून जास्त आणि चपट्या पेशी दहापेक्षा कमी, तर तो छातीतून आलेला बेडका. मग ग्रॅमचा रंग. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली तीच न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांच्या कापांत जंतू उठून दिसावेत म्हणून. चांगल्या नमुन्यात तेलाच्या भिंगाखाली जे दिसतं ते विसरता येत नाही: गुलाबी न्यूट्रोफिलांच्या गर्दीत गर्द जांभळ्या जोड्या, प्रत्येक ठिपका एका टोकाला निमुळता, आणि जोडीभोवती रंग न घेतलेलं स्वच्छ वलय. ते वलय म्हणजे कवच. पंधरा मिनिटांत, कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय, उत्तर बरंचसं हातात येतं.

मग कल्चर का फसलं? न्यूमोकॉकस नाजूक जंतू आहे. स्वतःचीच भिंत विरघळवणारं विकर तो बाळगतो. प्लेटवर दिवसभरात त्याच्या वसाहती कॅरमच्या सोंगटीसारख्या मधे खोलगट होतात ते यामुळेच. नमुना चारसहा तास उन्हात किंवा टेबलावर पडून राहिला की तो मरतो आणि घशातले दणकट जंतू फोफावतात. शिवाय प्लेटवर त्याच्याभोवती जशी हिरवट कड येते, तशीच घशातल्या निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकसभोवतीही येते. ऑप्टोचिन या रसायनाची चकती ठेवून त्यांना वेगळं करावं लागतं. आणि अँटिबायोटिकचे एकदोन डोस जरी गेलेले असले तरी त्याची वाढ थांबते. वडिलांच्या थुंकीचा नमुना दीड दिवस गोळ्या घेतल्यानंतरचा होता. ‘घशातले नेहमीचे जंतू’ याचा अर्थ ‘छातीत जंतू नाही’ असा कधीच घेऊ नये. मी तर असा रिपोर्ट देताना नमुना कसा होता आणि औषध आधी सुरू होतं का, हे दोन्ही लिहितो, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने लिहावं असा माझा आग्रह आहे.

रक्ताच्या कल्चरचंही तसंच. न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियातही दर चार-पाच रुग्णांत एकाच्याच आसपास तो रक्तात सापडतो, तेही औषधाआधी रक्त घेतलं तर. दोन वेगवेगळ्या जागांहून, मोठ्या माणसात दर बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. तीन मिलिलिटर टाकून ‘निगेटिव्ह’ म्हणण्याला काही अर्थ नाही, कारण रक्तातले जंतू विरळ असतात. सापडला तर मात्र याच्याइतका पक्का पुरावा नाही: रक्तात घशाची भेसळ नसते. गंभीर रुग्णात नियम साधा आहे. आधी रक्त, मग लगेच औषध, आणि नमुने मिळत नाहीत म्हणून औषध थांबवायचं नाही.

लघवीची तपासणी वेगळ्याच गोष्टीचा शोध घेते. जिवंत जंतू तिला लागत नाही. भिंतीतली एक शर्करा रक्तातून मूत्रपिंडात उतरते, ती चाचणीपट्टीवर उमटते. म्हणून गोळ्यांनी जंतू मेले तरी ती पॉझिटिव्ह आली. मोठ्यांत ती पॉझिटिव्ह असेल तर विश्वास ठेवावा. निगेटिव्ह असेल तर न्यूमोकॉकस नाहीच असं मात्र म्हणू नये, कारण दर चारांतला एखादा तिच्या हातून निसटतो. लहान मुलांत नुसता घशात राहणारा जंतूही तिला पॉझिटिव्ह करतो. आणि बरं झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे उपचार लागू पडला का हे पाहायला ती पुन्हा करू नका.

याच जोडीने गंभीर रुग्णात लेजिओनेलाची लघवी तपासणी करावी. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात उद्भवलेल्या साथीतून हा जंतू माहीत झाला. तो मॅक्रोफेजच्या आत राहतो, ग्रॅमच्या रंगात सहसा उठत नाही, नेहमीच्या प्लेटवर वाढत नाही, आणि पेनिसिलिनच्या गटाला जुमानत नाही. स्लाइडवर न्यूट्रोफिल भरपूर पण जंतू कुठेच नाही, सोबत जुलाब, गोंधळलेपण, सोडियम घसरलेलं, असं दिसलं की माझ्या मनात पहिला तोच येतो. लघवीची नेहमीची चाचणी त्याचा फक्त पहिला सेरोग्रुप (उपप्रकार) पकडते, म्हणून शंका दाट असेल तर थुंकीचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) किंवा त्याच्या खास माध्यमावरचं कल्चर मागावं.

सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासण्यांबद्दल थोडक्यात: आजार उतरतोय का हे पाहायला चांगले. पण कमी आले म्हणून गंभीर दिसणाऱ्या रुग्णाचं अँटिबायोटिक रोखू नये.

छातीची सोनोग्राफी हल्ली खाटेजवळ करता येते, आणि घट्ट झालेला लोब तिच्यावर खरोखर यकृतासारखा दिसतो. लेनेक यांचा शब्द दोनशे वर्षांनी पडद्यावर उमटलेला पाहून मला आजही भरून येतं. तिचा खरा उपयोग फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी शोधण्यासाठी. योग्य औषधावर तीन दिवस होऊनही ताप हटत नसेल, तर औषध बदलण्याआधी हे पाणी शोधा. सुईने काढलेल्या पाण्याचा पीएच ७.२० च्या खाली असेल, ग्लुकोज घसरलेलं असेल, स्लाइडवर जंतू दिसत असतील किंवा सरळ पूच असेल, तर नळी टाकून तो काढावाच लागतो. पू कोंडलेला असताना कुठलंही अँटिबायोटिक एकट्याने पुरं पडत नाही. आणि क्षयरोग. तोही क्वचित असा धडाक्यात, लोब भरून येतो. फ्लुरोक्विनोलोन गटाची औषधं त्याला अर्धवट दाबतात, रुग्णाला आठवडाभर बरं वाटतं आणि निदान लांबतं. म्हणून ती देण्याआधी थुंकीची क्षयरोगासाठीची तपासणी पाठवलेली असावी.

तर चुकलं कोण? पहिला एक्स-रे वाचणारे चुकले नाहीत. माझ्या मते उणीव राहिली असेल तर ती त्या सकाळच्या एका वाक्याची: ‘एक्स-रे स्वच्छ आहे, पण हुडहुडी आणि कुशीतली कळ न्यूमोनियाची आहे, श्वास तिसाच्या वर गेला, ऑक्सिजन ९२ च्या खाली आला किंवा बोलणं बिघडलं तर रात्र असली तरी परत या.’ स्वच्छ एक्स-रेने आजार नाकारला जात नाही, फक्त घट्टपणा नाकारला जातो. लक्षणं पक्की असतील तर एकदोन दिवसांनी तोच एक्स-रे पुन्हा काढावा.

राहिला सहाव्या आठवड्यातला डाग. पन्नाशीच्या आतल्या निरोगी माणसात बहुतेक वेळा चार आठवड्यांत छाया जाते. वय जास्त, सिगारेट, आधीचा फुप्फुसाचा आजार किंवा एकाहून जास्त लोब भरलेले असतील तर बारा आठवडेही लागतात. माणूस आधी बरा होतो, सावली नंतर जाते, कारण राहिलेलं फायब्रिन उचलायला मॅक्रोफेजना वेळ लागतो. क्वचित ते उचललंच जात नाही, त्यात तंतुपेशी शिरून ते कायमचं घट्ट होतं. तेव्हा सहाव्या आठवड्याचा एक्स-रे पहिल्या पांढऱ्या एक्स-रेशेजारी ठेवून बघायला सांगा. डाग आक्रसतोय, विरळ होतोय आणि वडिलांची चाल, भूक, वजन सुधारतंय, तर बाराव्या आठवड्यापर्यंत थांबून पुन्हा एक काढा. डाग तेवढाच किंवा मोठा असेल, लोब आकाराने लहान होत चालला असेल, वजन उतरत असेल किंवा थुंकीत रक्त येत असेल, तर थांबू नका. सीटी स्कॅन आणि गरज पडली तर दुर्बीण घालून नळी तपासावी लागते, कारण नळीच्या तोंडाशी बसलेली गाठ आपल्यामागचा लोब असाच भरून ठेवते. साठीच्या घरातल्या, सिगारेट ओढलेल्या माणसात तर ही शक्यता मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवतो.